साहेबाच्या पानात रोट

कानबाईचा रोट आमच्या कुळात परक्याला वाढत नाहीत. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण वडिलांच्या हयातीत तो मोडलेला मी पाहिला नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत तापीवर पोचवतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, त्याच्या पिठाचे जाड रोट करायचे, ते फक्त भाऊबंदांनी खायचे आणि राखीपौर्णिमेपर्यंत संपवायचे. लग्न होऊन गेलेली लेक आली तरी तिच्या पानात पुरणपोळी पडते, रोट पडत नाही. धुळे जिल्ह्यातून सुरतेत उधन्याला येऊन आम्हाला दोन पिढ्या झाल्या. गावातलं घर गेलं, पोरं आपसात हिंदी-गुजराती बोलतात, अहिराणी फक्त बायकोच्या तोंडी उरली आहे. बाकी बरंच सुटलं म्हणूनच की काय, रोटाचा नियम आम्ही फार घट्ट धरला.

तो मी मोडला. मोडल्याची मला काही लाज वाटत नाही. तो कुणासाठी मोडला आणि कुणासाठी मोडला नाही, ते आठवलं की मात्र आजही मान खाली जाते.

मी कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात मास्टर आहे. मास्टर म्हणजे मशिनं बसवायची, बिघडली तर चालू करायची आणि शेठच्या शिव्या खायच्या. मागे शेठने युरोपातून जुने माग विकत घेतले. हजीऱ्याच्या बंदरात कंटेनर उतरले आणि पाठोपाठ ते माग जोडून द्यायला एक म्हातारा फ्रेंच माणूस आला. उंच, किंचित वाकलेला, उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक नसलेला. आम्ही त्याला साहेब म्हणायचो, पण तो साहेब नव्हता. आमच्यासारखाच मागवाला होता. चामड्याच्या पट्ट्यात गुंडाळलेले स्वतःचे पाने घेऊन आला होता, दुसऱ्याच्या पान्याला हात लावत नसे. पोट बिघडेल या भीतीने तीन आठवडे केळी आणि बिस्किटांवर राहिला.

त्याला हिंदी येत नव्हतं, मला फ्रेंच येत नव्हतं, आणि दोघांचं इंग्रजी मिळून एका माणसापुरतंही नव्हतं. म्हणून फोन. तो फोनमध्ये फ्रेंच बोलायचा आणि फोनमधली बाई ते हिंदीत सांगायची. एवढा धिप्पाड म्हातारा, घोगरा आवाज, आणि आतून एक गोड बाई म्हणायची, ‘कृपया वह नट थोड़ा ढीला कीजिए.’ कारागीर हसून हसून बेजार व्हायचे. मला बोलायचं असलं की मी फोन तोंडाशी धरून हिंदीत मोठ्याने बोलायचो, कारण हळू बोललं तर बाईला कळत नसे.

या सगळ्यात माझ्याबरोबर मामा असायचा. मामा म्हणजे आमच्या पोरांचा मामा. पोरं म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. मूळचा ओडिशाचा, गंजामकडचा. एकोणीस वर्षं तो आमच्या वरच्या खोलीत राहतो आणि माझ्याच कारखान्यात माग चालवतो. आला त्या वर्षी बायकोला भाऊ नाही हे त्याला कळलं आणि राखीला स्वतःच खाली येऊन हात पुढे करून बसला. तेव्हापासून दर वर्षी. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना उचलून न्हाणीत नेणारा तोच होता, कारण माझी पाठ धड नव्हती. कानबाईला केळीचे खांब तो आणतो, मांडव तो बांधतो, मिरवणुकीत पुढे तो नाचतो. आणि पंगत बसली की तो आपणहून उंबऱ्याबाहेर जातो. पहिल्या वर्षी मीच त्याला समजावलं होतं, “मामा, बुरा मत मानना, ये सगे मामा को भी नहीं चलता.” ते खरंही होतं. त्याने लगेच कानाला हात लावला आणि म्हणाला, “देवी का नियम है जीजाजी, इसमें बुरा क्या?” त्यानंतर हा विषय कधी निघाला नाही.

साहेबाकडे वळतो. चौथा माग जोडताना त्याने एका बाजूचं झाकण उघडलं आणि एकदम थांबला. आत पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. त्याने दोनदा बोट फिरवलं. मग फोनमधल्या बाईने सांगितलं की हे त्याच्या मित्राचं अक्षर आहे, तो मित्र आता नाही, आणि हे माग त्यांच्याच गावच्या गिरणीतले आहेत. तरुणपणी ते त्यानेच बसवले होते. गिरणी बंद झाल्यावर उचकटलेही त्यानेच, कारण गावात दुसरं काम नव्हतं. आता तेच पुन्हा जोडायला तो आमच्या कडोदऱ्यात येऊन बसला होता. त्याच्या घरचा पलंग मी उचलून आणलाय आणि पाय बसवायला त्यालाच बोलावलंय, असं वाटलं.

त्या दिवशी चहाच्या वेळेला तो बराच बोलला. गाव बेल्जियमच्या सीमेजवळचं. बाप, आई, दोघं भाऊ, सगळे गिरणीत. बाप युनियनचा माणूस, रात्री भिंतींवर पोस्टरं चिकटवायचा. घरात मत कुणाला द्यायचं हा प्रश्नच नसे. कामगारांचा पक्ष, संपलं. मग एकदा त्यांचंच सरकार आलं आणि गिरणी त्यांच्याच राज्यात बंद झाली. मंत्री येऊन प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणाला होता, बंद पडू देणार नाही. थंडी संपायच्या आत टाळं लागलं. त्यानंतर हा मतदानाला जाईनासा झाला. त्यांच्याकडे मतदान रविवारी असतं; हा गळ घेऊन नदीवर जाऊन बसायचा. कुणी निवडून आलं तरी मासा तोच लागतो, म्हणाला. पुढे गावातलं पोस्ट गेलं, बस कमी झाली, डॉक्टर म्हातारा होऊन गेला तो दुसरा आलाच नाही.

“आणि आता?” मी विचारलं.

आता तो पुन्हा मत देतो. एका नव्या पक्षाची बाई गावच्या बाजारात आली, त्याला नाव विचारलं, गिरणीबद्दल विचारलं. म्हणाली, तुमचं सगळं बाहेरून आलेल्यांनी खाल्लं, आम्ही त्यांना परत पाठवू. मग फोनमधली बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, “मुझे पता है यह पूरा सच नहीं है। लेकिन हमारे यहाँ आई वही एक थी।”

मी मनातून भ्यालो होतो. आता म्हणेल, गिरणी खाल्ली ती तुम्हीच, माग बघा कुठे आलेत! पण तो तसं काही म्हणाला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुमच्याबद्दल नाही बोलत मी, तुम्ही मेहनती माणसं, तुमच्यासारखे आले तर कुणाची हरकत नाही.

मला किती बरं वाटलं! खोटं का सांगू, छाती फुगली. आणि गोऱ्या माणसाने खांद्यावर ठेवलेल्या त्या हाताची परतफेड करावी म्हणून मी फोन तोंडाशी धरला आणि मोठ्याने, स्वच्छ हिंदीत बोललो, “साहब, इधर भी यही हाल है। बाहर का लोग आ-आके पूरा एरिया बिगाड़ दिया। पहले इधर कितनी शांति थी।”

मामा दोन हातांच्या अंतरावर बसून ताण्याचे दोरे गाठत होता. आजूबाजूला आणखी चार-पाच कारागीर होते, कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा. माग बंद होते, त्यामुळे शेडमध्ये शब्द न् शब्द ऐकू गेला. मला फोनमध्ये मराठीही बोलता आलं असतं. सुचलंच नाही. बापाला इथे घर शोधताना ‘मराठी लोकोने नथी आपवानुं’, मराठी माणसांना द्यायचं नाही, असं दारातूनच सांगत असत, हे मी घरात शंभरदा ऐकलेलं. तेही त्या वेळी सुचलं नाही. आणि ‘पहले’ म्हणजे कधी? ज्या शांतीच्या बाता मी मारत होतो ती माझ्या बापानेच येऊन बिघडवली, असं त्या काळी कुणीतरी म्हणतच असणार.

मामाने गाठी मारणं थांबवलं नाही. संध्याकाळी बाईकवर परत येताना मीच विषय काढला, “तेरे को नहीं बोला हाँ मामा, तू तो घर का है।” तो मागून म्हणाला, “हाँ जीजाजी, मालूम है।” साहेबाने दुपारी मला हेच तर सांगितलं होतं. तेव्हा मी फुगलो होतो. मामा फुगला नाही, एवढाच काय तो फरक. मी मात्र निश्चिंत झालो आणि घरी येऊन जेवलो.

मग कानबाई आली. सोमवारी मशिनचा एक पार्ट कुरियरमध्ये अडकला होता, साहेबाला काम नव्हतं. रविवारी मी त्याला घरी जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं. गल्लीत, भाऊबंदांत आपलं वजन वाढेल हा हिशोब त्यामागे नव्हता असं मी म्हणणार नाही. सोमवारी सकाळी आम्ही तापीवर गेलो, आणि साहेबाला हॉटेलवरून आणायचं काम मी मामाला सांगितलं. त्या वर्षी तो पहिल्यांदा मिरवणुकीत नाचला नाही, कारण त्या वेळी तो वराछाच्या गर्दीतून साहेबाला बाईकवर मागे बसवून आमच्या घरी आणत होता.

आम्ही परतलो तेव्हा पंगत मांडलेली होती. साहेबाला खाली बसता येईना म्हणून त्याला पाट दिला, पाठीला उशी दिली. मामा नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर चपलांपाशी उभा होता. बायको रोटांची टोपली घेऊन आली. सगळ्यांना वाढलं आणि साहेबापाशी येऊन थांबली. तिने पुरणपोळी उचलली.

“रोट वाढ,” मी म्हणालो.

ती माझ्याजवळ वाकली. मग हळू म्हणाली, “हाई रोट शे. बाहेरना माणूसले कशी वाढू मी?”

“पाव्हणा देव रास. वाढ.” मी जोरात म्हणालो. एरवी मी घरात अहिराणी बोलत नाही. त्या दिवशी देवाधर्माचं बोलायचं होतं म्हणून बरी आठवली.

वाटलं होतं थोरला चुलतभाऊ अडवेल. कुळात त्याचा शब्द शेवटचा, आणि एकदा सुनेच्या माहेरच्यांनी चुकून रोट मागितला म्हणून त्याने पंगतीत गोंधळ घातला होता. पण त्याने आधीच फोन काढून साहेबाच्या शेजारी आपला फोटो काढायला लावला होता. “वाढी दे वं,” तो म्हणाला, “इतला दूरतून येल शे बिचारा.”

तर तो वाढला गेला. तीन आठवडे केळी खाऊन राहिलेल्या त्या माणसाने रोट हातात घेतला, वास घेतला, मोडला आणि डोळे मिटून खाल्ला. फोनमधून बाई म्हणाली की त्याच्या आजीची भाकरी अशीच असायची. पंगतीत सगळे खूश. आपल्या देवीचा रोट फ्रान्सपर्यंत पोचला, असं कुणीतरी म्हणालंही.

तेवढ्यात साहेबाचं लक्ष दाराकडे गेलं. आपल्याला घेऊन आलेला माणूस बाहेर उभा आहे आणि जेवत नाही, हे त्याला विचित्र वाटलं असावं. त्याने आपल्या रोटातला अर्धा तुकडा मोडला, हात लांब करून मामाला खूण केली. ये, खा. बाजूला सरकून पाटावर जागाही केली. ज्या माणसाचं मत बाहेरच्यांना हाकलण्याला जातं, त्याला आमच्या घरात कुणी बाहेरचं आहे हे दिसलंच नव्हतं.

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. काही करायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. पण माझा हात आपोआप पुढे गेला, साहेबाचा हात मी हलकेच खाली दाबला आणि फोनमध्ये बोललो, “नहीं साहब, उसको ये नहीं चलता। उसके धरम में नहीं है।”

साहेबाने मामाकडे पाहिलं. मामा हात जोडून म्हणाला, “हाँ साहब, हमको नहीं चलता।”

माझं खोटं त्याने उचलून धरलं. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. जिन्याने तो वर निघून गेला आणि आम्ही आमटी पुन्हा वाढून घेतली.

साहेब चार दिवसांनी माग चालू करून गेला. जाताना त्याने आपल्या पट्ट्यातला एक पाना मामाला दिला, मला नाही. हिवाळ्यात त्याचा फोनवर निरोप आला. त्यांच्या भागात मतदान झालं होतं आणि तो पक्ष जिंकला होता. सोबत गावच्या चौकातला फोटो, झेंडे घेतलेली म्हातारी माणसं, पाठीमागे बंद गिरणीची चिमणी. त्या चेहऱ्यांत मला एकही राक्षस दिसला नाही. पंगतीत बसलेले आमचे भाऊबंद दिसले, आणि मी दिसलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय फक्त मराठीतच असेल? बातम्यांत लोक तावातावाने विचारतात, युरोपातली शहाणी माणसं अशी मतं कशी देतात. मला कुणी विचारत नाही, विचारलं तर मला माहीत आहे. साहेबाच्या निरोपाला मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवायचं ते कळलं नाही, आणि अंगठा नको पाठवायला होता एवढं कळेपर्यंत त्याने तो पाहिला होता.

पण ते पुढचं. राखीचं सांगायचं राहिलं.

राखीच्या सकाळी मामा आला. येतो की नाही, या धास्तीत मी पहाटेपासून तीनदा जिन्याकडे बघितलं होतं. नवा शर्ट घालून आला, पाटावर बसला, बायकोने ओवाळलं, राखी बांधली. मग ती आत गेली आणि ताटलीत पेढा आणि एक रोट घेऊन आली. शेवटचा उरलेला. तिने तो लपवून ठेवला होता, मला पत्ताच नव्हता. ताटली तिने त्याच्यासमोर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या जिवात जीव आला. मी पुढे सरसावून म्हणालो, “खा मामा, खा। अब नियम-बियम कुछ नहीं।”

त्याने रोट दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि परत ताटलीत ठेवला. “रहने दो दीदी,” तो बायकोला म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. “उन्नीस साल नहीं खाया, तो लगता था देवी का नियम है। आज खाऊँगा तो लगेगा, मास्टरजी का था।”

जीजाजी म्हणाला नाही. पेढा खाल्ला, बायकोच्या पाया पडला, पोरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कामाला वेळ होतोय म्हणून उठला. माझ्याच बाईकवर मागे बसून जायचा तो रोज. त्या दिवशी खाली रिक्षा थांबवल्याचा आवाज आला.

बायको ताटलीकडे बघत बसली होती. आज पौर्णिमा, रोट आजच संपायला हवा होता. इतक्या दिवसांत तो दगडासारखा कडक झाला होता. तिने तो उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला.

“भाऊबंद शेतस ना तुम्हीन,” ती म्हणाली, “खा.”

मी खायला लागलो. शेवटचा तुकडा पोटात जाईपर्यंत ती समोरून हलली नाही.